दुर्बिणीला कॅमेरा जोडण्यापूर्वी आणि नंतर: खगोलछायाचित्रणाची सुरुवात

आकाशाची छायाचित्रे काढायला शिकायचे ठरवल्यावर 'दुर्बीण कोणती घेऊ?' हा प्रश्न बहुतेकांना सर्वांत आधी पडतो. खरे तर तो तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर यायला हवा. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला, म्हणजे अंशाचा दोनशे चाळिसावा भाग, सरकताना दिसते. ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (फोकल लेंग्थच्या) दुर्बिणीला नेहमीचा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमहून लहान सेन्सरचा, कॅमेरा जोडला, तर त्याच्या एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण सव्वा विकला आकाश येते. याचा अर्थ असा, की खगोलीय विषुववृत्ताजवळचा, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या थेट वरच्या आकाशातला, तारा एका सेकंदात सुमारे बारा पिक्सेल ओलांडून जातो. अंधूक तेजोमेघाचा प्रकाश मात्र मिनिटामिनिटांनी साठवावा लागतो. तेव्हा तो प्रकाश इतका वेळ एकाच पिक्सेलवर पडत कसा ठेवायचा, हा या छंदातला मूळ प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दुर्बिणीत नसून दुर्बीण ज्यावर बसते त्या माउंटमध्ये आहे. पैसे मोजके असतील, तर निम्म्याहून अधिक रक्कम माउंटसाठी बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानातल्या चकचकीत नळीकडे पाहताना हे मत पटणे अवघड जाते, याचीही मला कल्पना आहे.

दुर्बिणीशिवाय पहिले काही आठवडे

घरात डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आणि बऱ्यापैकी मजबूत ट्रायपॉड असेल, तर आणखी काहीही विकत न घेता सुरुवात करता येते. स्थिर ट्रायपॉडवरून तारे रेघांसारखे न दिसता बिंदूंसारखे येण्यासाठी एक्स्पोजर किती सेकंदांपर्यंत वाढवता येईल, याचा एक जुना आडाखा आहे. ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे, आणि सेन्सर लहान असेल तर त्या भागाकाराला पुन्हा १.५ किंवा १.६ ने भागावे. १८ मिलिमीटरच्या भिंगासाठी असे सुमारे १७ सेकंद मिळतात, तर ५० मिलिमीटरच्या भिंगासाठी जेमतेम सहा. हा आडाखा फिल्मच्या काळातला आहे. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर तो फार सैल पडतो, म्हणून येणाऱ्या उत्तराच्या निम्मे किंवा दोन-तृतीयांश सेकंदच धरावेत.

कॅमेरा पूर्णपणे मॅन्युअलवर ठेवावा आणि फाइल रॉ, म्हणजे सेन्सरच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात साठवावी. सुरुवातीला आयएसओ १६०० आणि व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडाचा, एवढे पुरते. भिंगातील कंपनरोधक यंत्रणा बंद करावी, कारण ट्रायपॉडवर तीच कधी कधी चित्र हलवते. शटरचे बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर किंवा ठरावीक अंतराने आपोआप छायाचित्रे घेणारा इंटरव्हॅलोमीटर वापरावा. ५० मिलिमीटरचे एफ/१.८ भिंग असेल, तर ते एफ/२.८ पर्यंत आवळून घ्यावे, म्हणजे कडेचे तारे पंख फुटल्यासारखे दिसत नाहीत.

या टप्प्यावर खरी परीक्षा फोकसची असते. भिंगावरील अनंताची खूण तारे टिपण्याइतकी अचूक नसते, तिच्यावर विसंबू नये. व्याधासारखा ठळक तारा चौकटीच्या मध्याजवळ आणावा, लाइव्ह व्ह्यू सुरू करून तो दहापट मोठा करून पाहावा आणि फोकसची रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे अशी फिरवावी. ताऱ्याची थाळी आकसत जाते, तिच्या कडेची जांभळट किनार एका बाजूला मावळते आणि रिंग थोडी पुढे गेली की दुसऱ्या बाजूला हिरवट छटा घेऊन ती पुन्हा फुगू लागते. या दोन रंगांच्या मधल्या जागी आजवर न दिसलेले बारीक तारे पडद्यावर उमटू लागले, की रिंग तिथेच ठेवून तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावून टाकावी. रात्र जसजशी गार होत जाते, तसतसा फोकस सरकतो, म्हणून तासाभराने पट्टी सोडून तो पुन्हा तपासावा लागतो.

कृत्तिका किंवा मृग नक्षत्राची अशी चार-चार सेकंदांची शंभरेक छायाचित्रे घेऊन संगणकावर एकत्र केली, तर शहराच्या कडेवरूनही मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ गुलाबी डागासारखा दिसतो. पुढे दुर्बिणीवर जे करायचे आहे, ते सर्व या कमी जोखमीच्या कामात शिकून होते.

चंद्र, टी-रिंग आणि न लागणारा फोकस

दुर्बिणीतून घेण्याचे पहिले चित्र चंद्राचेच असावे. चंद्र इतका तेजस्वी आहे, की त्याला ट्रॅकिंगची, म्हणजे दुर्बीण आकाशाबरोबर फिरवत ठेवण्याची, गरज पडत नाही आणि हाताने ढकलायची डॉब्सोनियन दुर्बीणही त्यासाठी पुरते. नवशिके बहुधा पौर्णिमेची वाट पाहतात, पण पौर्णिमेला सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र सपाट दिसतो. शुद्ध सप्तमी ते दशमी या तिथींना उजेड आणि अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा आणि डोंगरांच्या सावल्या लांबवर पसरलेल्या असतात, तेव्हा कॅमेरा त्या रेषेवर रोखावा.

कॅमेऱ्याचे भिंग काढून त्याच्या जागी टी-रिंग बसवायची, तिला नळीचा अडॅप्टर जोडायचा आणि तो नेत्रिकेच्या जागी फोकसरमध्ये, म्हणजे फोकस जुळवणाऱ्या सरकत्या नळीत, घालायचा. या रचनेत दुर्बीण हेच कॅमेऱ्याचे भिंग होते. टी-रिंग प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्यावरील भिंगाच्या जोडणीसाठी वेगळी असते, ती आपल्या कॅमेऱ्याची आहे याची खात्री करून घ्यावी. सेन्सरवर चंद्राची प्रतिमा केवढी पडेल, हे काढण्यासाठी दुर्बिणीच्या नाभीय अंतराला ११० ने भागावे. ६५० मिलिमीटरला सुमारे सहा मिलिमीटरचा चंद्र मिळतो. १,५०० मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर एपीएस-सी सेन्सरच्या उंचीत पूर्ण चंद्र मावेनासा होतो.

एक्स्पोजरचा हिशेबही सोपा आहे. एफ/११ ला, आयएसओच्या आकड्याइतक्या अंशाचे सेकंद पूर्ण चंद्राला पुरतात, म्हणजे आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद. एफ/५ च्या दुर्बिणीवर तेच सुमारे १/५०० होते. अष्टमीचा चंद्र बराच मंद असल्याने त्याला १/१२५ पासून सुरुवात करून पडद्यावर पाहत कमी-जास्त करावे.

आपल्याकडे सर्वाधिक खपणाऱ्या १३० किंवा ११४ मिलिमीटरच्या न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणी घेणाऱ्यांपुढे इथेच एक अडचण उभी राहते. कॅमेरा जोडून फोकसर पूर्ण आत नेला, तरी प्रतिमा स्पष्ट होत नाही. दुर्बीण बिघडलेली नसते. टी-रिंग आणि कॅमेऱ्याची खोली मिळून सेन्सर फोकसरच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटर मागे जातो, आणि केवळ डोळ्याने पाहण्यासाठी बनवलेल्या न्यूटोनियनमध्ये प्रतिमा इतकी बाहेर पडतच नाही. यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोनपट बार्लो भिंग, म्हणजे नाभीय अंतर दुप्पट करणारे जोडभिंग, मध्ये घालणे. त्यामुळे प्रतिमा बाहेर सरकते, चंद्र दुप्पट मोठा होतो आणि चंद्रापुरते काम भागते. अंधूक वस्तूंसाठी हा उपाय महाग पडतो, कारण दुप्पट नाभीय अंतरावर एक्स्पोजर चौपट लागते. मुख्य आरसा नळीत दोन-तीन सेंटिमीटर पुढे आणून बसवणे हा दुसरा मार्ग आहे. तो आरशाच्या बैठकीला लांब स्क्रू लावून किंवा नळी कापून साधला जातो, पण पहिल्याच वर्षी करवत हाती घेऊ नये. दुर्बीण अजून विकत घ्यायची असेल, तर ती छायाचित्रणासाठी बनवलेली आहे का, हे विक्रेत्याला थेट विचारावे.

ग्रहांचे तंत्र निराळे आहे. गुरू कितीही जवळ आला, तरी त्याची थाळी पन्नास विकलांच्या आसपासच असते, म्हणजे चंद्राच्या रुंदीचा पस्तिसावा-चाळिसावा भाग. इथे मोठे नाभीय अंतर लागते, आणि एकेक छायाचित्र घेण्याऐवजी व्हिडिओ घेतात. हवेच्या थरथरीतून एखाद्या क्षणी ग्रह लख्ख दिसतो. हजारो चौकटींतून असे क्षण निवडून ते एकत्र करण्याचे काम ऑटोस्टॅकर हा मोफत प्रोग्रॅम करतो. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याचा व्हिडिओ दोन-तीन मिनिटांहून लांबवू नये, अन्यथा त्याच्या पट्ट्यांतील तपशील सरकून फासले जातात.

सूर्याच्या बाबतीत मात्र प्रयोग करू नयेत. सौर फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर घट्ट बसवलेला असावा, शोधक दुर्बिणीवरही झाकण असावे, आणि नेत्रिकेला लावायचा काळा फिल्टर जुन्या दुर्बिणीसोबत मिळालाच, तर तो फेकून द्यावा. तो उष्णतेने तडकतो. फिल्टर काढायची मुभा फक्त खग्रास ग्रहणाच्या त्या दोन-चार मिनिटांत असते. तशी संधी सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला २२ जानेवारी १८९८ रोजी आली होती, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला तिथे आपली उपकरणे घेऊन तळ ठोकून होते.

माउंट

तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका टिपायच्या, तर इक्वेटोरियल माउंट हवे. डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरणारे, संगणकाने चालणारे माउंट ताऱ्याचा पाठलाग करते खरे, पण चौकट त्या ताऱ्याभोवती हळूहळू गोल फिरत राहते आणि कडेचे तारे कमानीसारखे येतात. इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवलेला असतो, त्यामुळे तो एकच अक्ष पृथ्वीच्या उलट दिशेने फिरवला की आकाश चौकटीत स्थिर उभे राहते.

सुरुवातीसाठी छोटा स्टार ट्रॅकर, म्हणजे फक्त कॅमेरा पेलणारे लहान इक्वेटोरियल माउंट, आणि १३५ मिलिमीटरचे भिंग यांच्यासारखी जोडी नाही. ट्रॅकर पाठीवरच्या पिशवीत मावतो आणि नाभीय अंतर कमी असल्याने लहानसहान चुका चित्रात दिसत नाहीत. त्यानंतर दुर्बिणीसाठी माउंट घेताना कंपनीने सांगितलेल्या वजनक्षमतेच्या निम्म्या वजनापर्यंतच छायाचित्रणाचे सामान चढवावे. बाकीची क्षमता डोळ्याने पाहण्यापुरती समजावी. दुर्बीण निवडताना ७० ते ८० मिलिमीटरची, ईडी (रंगदोष कमी करणाऱ्या) काचेची, चारशे-साडेचारशे मिलिमीटर नाभीय अंतराची छोटी वर्तनी, म्हणजे भिंगाची, दुर्बीण मला सर्वांत सोयीची वाटते. ४२० मिलिमीटरवर एपीएस-सी सेन्सरला तीन अंश बाय दोन अंश आकाश मिळते, त्यात देवयानी दीर्घिका तिरपी मावते, कृत्तिका ऐसपैस बसतात आणि आरसे जुळवण्याचे काम करावे लागत नाही. ईडी काच नसलेल्या साध्या अक्रोमॅट दुर्बिणीत ठळक ताऱ्यांभोवती निळे-जांभळे वलय येते, ते नंतर पूर्ण काढता येत नाही.

माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणे, म्हणजे पोलर अलाइनमेंट, हे प्रत्येक रात्रीचे पहिले काम. यासंबंधीची बहुतेक मार्गदर्शने युरोप-अमेरिकेत बसून लिहिलेली असतात. तिथे ध्रुवतारा चाळीस-पन्नास अंश उंच असतो. तो जितका उंच दिसतो, तितकेच त्या जागेचे अक्षांश असतात. त्यामुळे पुण्यात तो साडेअठरा, मुंबईत एकोणीस, नागपुरात एकवीस आणि पणजीत साडेपंधरा अंशांवरच असतो. क्षितिजाच्या इतक्या जवळ धूळ असते, दिव्यांचा उजेड असतो, झाडे आणि डोंगर असतात, आणि सोसायटीच्या गच्चीवरून तर पाण्याची टाकी नेमकी उत्तरेलाच निघते. जागा निवडताना उत्तर दिशा मोकळी आहे का, हे आधी पाहावे. माउंट विकत घेतानाही त्याचा अक्ष पंधरा अंशांपर्यंत खाली येतो का, हे विचारून घ्यावे. काही माउंटांत अक्ष इतका आडवा केला, की प्रतिभाराचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो.

पद्धत अशी आहे. ट्रायपॉड समतल करून अक्ष उत्तरेकडे वळवावा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे होकायंत्र चांगले काम देते. मात्र मोबाइलमधील होकायंत्र माउंटच्या लोखंडी वजनांजवळ किंवा गाडीच्या टपावर ठेवून वाचू नये. उंची अक्षांशाच्या आकड्यावर आणावी आणि ध्रुवदर्शकातून, म्हणजे माउंटच्या अक्षात बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून, ध्रुवतारा शोधावा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला आहे आणि ध्रुवाभोवती फेरी मारतो, म्हणून त्या वेळी तो वर्तुळावर कुठे असायला हवा, हे मोबाइलवरील ॲपमध्ये पाहून त्याला तिथे बसवावे. हे करताना दुर्बीण आणि कॅमेरा माउंटवर चढवलेले आणि तोलून घेतलेले असावेत. अलाइनमेंटनंतर वजन चढवले, तर सगळे थोडे खाली बसते.

ध्रुवतारा दिसतच नसेल, तर दोन मार्ग आहेत. लॅपटॉप जोडलेला असल्यास एनआयएनए या मोफत प्रोग्रॅममधील तीन-बिंदू पद्धत वापरावी. ती आकाशाच्या कोणत्याही भागाची तीन छायाचित्रे घेऊन अक्ष किती चुकला आहे हे पडद्यावर दाखवते. लॅपटॉप नसेल, तर ड्रिफ्टची जुनी पद्धत आजही तितकीच खरी आहे. दक्षिणेकडे, मध्यमंडलाजवळ (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ) आणि खगोलीय विषुववृत्ताच्या आसपासचा एक तारा मोठा करून पाच मिनिटे पाहावा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला झुकलेला आहे, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग पूर्व क्षितिजाकडचा तारा घ्यावा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. दोन्ही दुरुस्त्या आलटून पालटून केल्या की अर्ध्या-पाऊण तासात काम होते. ताऱ्याचे पूर्व-पश्चिम सरकणे या वेळी विचारात घेऊ नये, ते माउंटच्या दातेरी चाकांमुळे असते.

चारशे मिलिमीटरच्या आसपास, चांगल्या अलाइनमेंटनंतर, साधारण माउंटवरही तीस ते साठ सेकंदांची चित्रे बिंदुवत येतात. त्यापुढे जायचे, तर छोटी गाइड दुर्बीण, गाइड कॅमेरा आणि पीएचडी२ हा प्रोग्रॅम लागतो. तो एका ताऱ्यावर लक्ष ठेवून माउंटला क्षणोक्षणी सावरतो. पण पहिल्या हंगामात तीस सेकंदांवर समाधान मानावे. केबलींचा गुंता आणि न सापडणारे ड्रायव्हर यांतच अनेकांच्या पहिल्या चांगल्या रात्री वाया जातात.

तिथी, पाऊस आणि दव

आपल्या आकाशाचा हंगाम पावसाने ठरवलेला आहे. जून ते सप्टेंबर सामान बंदच राहते, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी तोच काळ सर्वांत धोक्याचा असतो, कारण भिंगांवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह भिंगे ठेवावीत आणि जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावे.

ऑक्टोबरअखेर ते मे या काळातली रात्र निवडण्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. संकष्टी चतुर्थीची चंद्रोदयाची वेळ तिच्यावर छापलेलीच असते, ती सहसा रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते. त्यानंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे वद्य अष्टमीपासून पूर्वरात्र पूर्ण काळोखी मिळते आणि ही सोय शुद्ध तृतीया-चतुर्थीपर्यंत टिकते. सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने संधिप्रकाश पूर्ण मावळतो. दिवाळीची अमावास्या कागदावर उत्तम दिसते, पण फटाक्यांचा धूर आठवडाभर खाली बसत नाही. तिच्या पुढची, कार्तिकातली अमावास्या धरावी.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला देवयानी दीर्घिका रात्री दहाच्या सुमारास डोक्यावर येते. डिसेंबर ते फेब्रुवारी मृगातल्या तेजोमेघाचे दिवस, आणि पहिल्या लक्ष्यासाठी त्याहून चांगली वस्तू आकाशात नाही. आकाशगंगेचा गाभा, म्हणजे वृश्चिक आणि धनु राशींचा भाग, युरोपीय छायाचित्रकार उन्हाळ्यात मध्यरात्री टिपतात, तेव्हा आपल्याकडे ढग असतात. आपल्याला तो मार्च-एप्रिलच्या पहाटे आणि मे महिन्यात मध्यरात्रीनंतर साधावा लागतो. त्याच्या बदल्यात आपल्या वाट्याला दक्षिणेचे आकाश येते. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा विराट तारकागुच्छ लंडनच्या क्षितिजावर कधीच उगवत नाही, पण पुण्याहून तो मे महिन्याच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास चोवीस अंश उंच असतो, आणि दक्षिण क्षितिज मोकळे असेल तर छोट्या दुर्बिणीलाही तो भरभरून सापडतो.

जागेच्या बाबतीत एकट्याने रानात जाण्यापेक्षा सुरुवातीला संस्थेबरोबर जाणे शहाणपणाचे. मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम घेते, पुण्यात १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. तिथे इतरांची माउंटे हाताळून पाहायला मिळतात, आणि खरेदीपूर्वी हा अनुभव फार मोलाचा असतो. विदर्भातल्या वाचकांच्या तर दाराशीच पेंच व्याघ्र प्रकल्प आहे, ज्याला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिल्या डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला.

शहरातून चित्रण करणाऱ्यांनी फिल्टर घेताना सावध असावे. जुने प्रकाशप्रदूषण-फिल्टर रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश अडवण्यासाठी बनवलेले होते. एलईडी दिव्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो, त्यापुढे ते फारसे चालत नाहीत. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा आणि ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा प्रकाश तेवढा आत सोडणारे अरुंद पट्ट्याचे फिल्टर तेजोमेघांसाठी उपयोगी पडतात. दीर्घिका आणि तारकागुच्छ सर्वच रंगांत प्रकाशतात, त्यांच्यासाठी गाडी काढून अंधाऱ्या जागी जाण्याला पर्याय नाही.

थंडीतल्या रात्री दहा-अकरानंतर दव पडू लागते आणि चित्रे हळूहळू धुरकट होत जातात. ढग आले असे वाटून माणूस आवरायला घेतो. आधी बॅटरीचा उजेड भिंगावर तिरपा टाकून पाहावे. नळीच्या तोंडाशी जुन्या योगा मॅटची लांब गुंडाळी करून बसवली की बराच बचाव होतो, आणि पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी भिंगाभोवती बांधली तर रात्रभराची निश्चिंती. दव पडल्यावर रुमालाने कधीही पुसू नये.

प्रत्यक्ष चित्रण

हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना सुमारे पन्नास मिनिटांचे एक सलग एक्स्पोजर द्यावे लागले होते. आज तेवढाच प्रकाश तीस सेकंदांच्या शंभर तुकड्यांत साठवता येतो. मध्येच विमान गेले, वारा सुटला, कुणाच्या गाडीचा दिवा पडला, तर तेवढा तुकडा टाकून द्यायचा. तुकडे जोडल्याने चित्रातील खरखर कमी होते, आणि ती तुकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. चित्र दुप्पट स्वच्छ हवे असेल, तर तुकडे चौपट लागतात. म्हणून एका रात्री पाच वस्तूंमागे धावण्यापेक्षा एकाच वस्तूवर तीन तास द्यावेत.

एका तुकड्याची लांबी हिस्टोग्रामवरून, म्हणजे चित्रातील गडद ते उजळ पिक्सेलांची संख्या दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातील आलेखावरून, ठरवावी. त्याचा डोंगर डाव्या कडेपासून स्पष्ट सुटलेला, रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर असावा. शहरात हे वीस-तीस सेकंदांतच घडते, अंधाऱ्या जागी दोन-तीन मिनिटे लागतात. आयएसओ ८०० किंवा १६०० पुरतो, त्याहून वाढवल्याने प्रकाश अधिक मिळत नाही, ताऱ्यांचे रंग मात्र जळून पांढरे होतात. फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे तिरप्या खाचा असलेले झाकण, दुर्बिणीच्या तोंडावर लावावा. ठळक ताऱ्यातून तीन किरणे फुटलेली दिसतात आणि मधले किरण इतर दोघांच्या बरोबर मध्ये आले की फोकस झाला. मास्क काढायला विसरू नये.

मृगाच्या तेजोमेघाचा गाभा इतका तेजस्वी आहे, की तीस सेकंदांत तो पांढरा पडतो. त्याची पाच-पाच सेकंदांची वेगळी मालिका घ्यावी आणि नंतर दोन्ही मिसळाव्यात. बाकीचे बहुतेक लाल तेजोमेघ नेहमीच्या कॅमेऱ्यात फिके येतात, कारण सेन्सरपुढचा फिल्टर हायड्रोजनचा खोल लाल प्रकाश मोठ्या प्रमाणात अडवतो. तो फिल्टर काढून घेण्याची घाई पहिल्या वर्षी करू नये.

आवरण्यापूर्वी आणखी तीन प्रकारच्या चौकटी घ्याव्या लागतात, आणि झोप आलेली असताना नेमका याचाच कंटाळा केला जातो. डार्क म्हणजे दुर्बिणीच्या तोंडाला झाकण लावून, तेच एक्स्पोजर, तोच आयएसओ आणि तेच तापमान ठेवून घेतलेली वीस-तीस चित्रे. त्यांतून सेन्सरचा स्वतःचा गोंगाट कळतो. बायस चौकटी झाकण तसेच ठेवून सर्वांत लहान एक्स्पोजरने घ्यायच्या. फ्लॅटसाठी पांढरा सुती टी-शर्ट दुर्बिणीच्या तोंडावर सुरकुती न पडता ताणून, पहाटेच्या आकाशाकडे रोखून हिस्टोग्राम मध्यावर येईल अशा चौकटी घ्यायच्या. फोकस किंवा कॅमेऱ्याचा कोन तोपर्यंत जराही हलवायचा नाही. सेन्सरवरच्या धुळीचे गोल ठिपके आणि कोपऱ्यांतला अंधार फक्त फ्लॅटनेच जातो, दुसऱ्या कोणत्याही युक्तीने नाही.

संगणकावर

डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल यांपैकी कोणताही मोफत प्रोग्रॅम या सर्व चौकटी जुळवून एक चित्र तयार करतो. पहिल्यांदा ते पडद्यावर जवळजवळ काळेकुट्ट दिसते आणि सगळी रात्र फुकट गेली असे वाटते. तसे नसते. सगळी माहिती हिस्टोग्रामच्या डाव्या टोकाला दाटलेली असते आणि ती ताणून बाहेर काढायची असते. सिरिलमध्ये काम करताना क्रम पाळावा: आधी कडा कापाव्यात, मग शहराच्या उजेडाचा पार्श्वभूमीवरचा उतार काढावा, मग ताऱ्यांच्या आधारे रंग जुळवावेत, आणि त्यानंतरच चित्र ताणावे. आधी ताणून मग उतार काढू गेले, तर रंगांचे ठिगळ उरतात. ताणताना एकदम मोठी उडी न घेता थोडे थोडे करत जावे. पार्श्वभूमी पूर्ण काळी करण्याचा मोहही आवरावा, कारण तेजोमेघाच्या सर्वांत नाजूक कडा त्या गडद करड्या रंगातच दडलेल्या असतात.

मूळ रॉ फाइली आणि डार्क चौकटी तारीख, एक्स्पोजर आणि तापमान लिहून वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. त्याच तापमानाच्या डार्क पुढच्या रात्रींना पुन्हा चालतात. पुढच्या अमावास्येला त्याच वस्तूवर काम करायचे असेल, तर आधीच्या चित्रातले दोन तारे पाहून कॅमेरा त्याच कोनात फिरवून बसवावा, त्या रात्रीचे फ्लॅट वेगळे घ्यावेत आणि दोन्ही रात्रींच्या चौकटी सिरिलमध्ये आपापल्या फ्लॅटने दुरुस्त करून मगच एकत्र जोडाव्यात.